स्टुडंट लोन माफ केल्याने अमेरिकेतली वांशिक दरी कमी होणार होती का?

जर्सीकर: बायडनने ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर केलेली माफी, 10 हजार डॉलर आणि पेल ग्रँटवाल्यांना (गरीब घरच्या विद्यार्थ्यांना सरकार देते ती, परत न करायची मदत) 20 हजार, ती सुप्रीम कोर्टाने जून 2023 मध्ये 6-3 ने उडवली. अजून लोक हळहळतात की कृष्णवर्णीयांची संधी गेली. कसली संधी? फेडच्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) 2022 च्या सर्व्हेत गोऱ्या कुटुंबाची मीडियन, म्हणजे अगदी मधल्या कुटुंबाची, संपत्ती 2 लाख 85 हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची 45 हजारांच्या आत. 20 हजारांनी काय होणार? आणि जो कॉलेजला गेलाच नाही, ट्रक चालवतो, त्याच्या टॅक्समधून डॉक्टर-वकिलांची कर्जं का फेडायची?

अर्धाकप: वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याला माफी मिळणारच नव्हती ओ, कुठले डॉक्टर घेऊन बसलात. आणि नुसती बेरीज-वजाबाकी करू नका, कर्ज वाढतं कसं ते बघा. ब्रुकिंग्स या संशोधन संस्थेचा 2016 चा अभ्यास आहे, डिग्री हातात पडते तेव्हा कृष्णवर्णीय मुलावर गोऱ्यापेक्षा साधारण 7,400 डॉलर जास्त कर्ज असतं आणि चार वर्षांनी हाच फरक 25 हजारांच्या घरात जातो, कारण एक तर पुढच्या शिक्षणाला परत लोन आणि दुसरं व्याज. समजा 50 हजारांवर 6 टक्के, म्हणजे महिन्याला 250 नुसतं व्याज, पगार बघून हप्ता बसतो 180 चा, मग बिचारा दर महिन्याला नेमाने भरतोय आणि आकडा वाढतोच आहे. गोऱ्या मुलाच्या मागे बापाचं घर असतं. या कृष्णवर्णीय मुलाच्या आजोबाला रेडलायनिंगमुळे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून, बँकेने घराला कर्जच दिलं नव्हतं.

पुणेकर_टेक्सासात: आम्ही गावाकडचं घर गहाण टाकून शिकलो, सगळं फेडलं. आमचं कोण माफ करणार? शेतकरी कर्जमाफीतही वेळेवर भरणाराच येडा ठरतो.

अर्धाकप: तुमचं लोन इथल्या सरकारचं होतं का? स्टुडंट व्हिसावर आलेल्याला फेडरल लोन मिळतच नाही, मग तुमचा काय संबंध.

जर्सीकर: व्याजाचं पटलं. पण मग व्याजच बंद करा ना, पेल वाढवा. नळ चालू ठेवून फरशी पुसताय, पुढच्या वर्षीची पोरं परत तेवढंच लोन काढणार.

अर्धाकप: करा की, नको कोण म्हणतंय? पण ज्याच्या डोक्यावर आत्ता 50 चे 60 झालेत त्याला वाढीव पेलचा काय उपयोग, तो कॉलेजातून कधीच बाहेर पडलाय.