मदत हवी आहे: तैपेईत ताइरवार रेस्टॉरंटला टेबल घ्यावं का?

मार्चमध्ये आम्ही दोघं पाच दिवस तैपेईला जातोय. एक संध्याकाळ जरा खास जेवायचं ठरवलंय. तिथलं रॉ हे रेस्टॉरंट 2024 च्या शेवटी बंद झालं, त्यामुळे गाडी ताइरवारवर येऊन थांबली. 2023 पासून तीन मिशेलिन तारे आहेत, आणि जेवण तैवानी चवीचं पण मांडणी फ्रेंच, हे ऐकूनच मी अर्धा विरघळलोय.

अडचण एकच. बायको शाकाहारी आहे. अंडं, दूध, कांदा-लसूण चालतं. मासळीचा रस्सासुद्धा चालत नाही. मी सगळं खातो. गेल्या खेपेला कामानिमित्त एकटा गेलो होतो, तेव्हा बाजारात साधी उकडलेली पालेभाजी मागितली, तर बाईंनी वर डावभर तळलेल्या कांद्याचं तेल ओतलं. ती डुकराची चरबी निघाली! तेव्हापासून नुसत्या 'भाजी'वर माझा भरवसा नाही.

तिकडच्या बौद्ध शाकाहारी खानावळी माहीत आहेत, त्या दुपारी करणारच आहोत. कृपया त्या सुचवू नका. बजेट दोघांत मिळून 40 हजार रुपये, 10 टक्के सेवाशुल्क धरून. दारू नको.

ज्यांनी तिथे खरंच शाकाहारी जेवण घेतलंय त्यांनी सांगा: तिच्यासाठी वेगळा विचार केलेले पदार्थ येतात, की माझ्याच ताटातले मांस-मासे काढून उरलेलं? दुसरं असेल, तर टेबल घेऊ की सोडून देऊ?