सगळेच ‘म्हणाले’ कसे चालतील?

अर्धविराम:
इंग्रजी निकालपत्रांचा मराठी अनुवाद करते. परवा एका जमिनीच्या खटल्यात आर्ग्यूड, क्लेम्ड, कंटेंडेड, अलेज्ड, मेंटेन्ड असे सगळे एकाच पानावर भेटले. मी सगळीकडे ‘म्हणाले’ ठोकून दिलं. तपासणाऱ्या बाईंनी सतरा ठिकाणी लाल गोल केले. नेमका फरक काय?

निवृत्त उपसंपादक:
आर्ग्यू म्हणजे कारणं देऊन मांडणं. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे जुळणारे किनारे, दोन्हीकडचे सारखे जीवाश्म पुढे ठेवले. तो आर्ग्यू. त्यालाच क्लेम म्हटलंत की बिचारा बढाईखोर ठरतो, कारण क्लेम लिहिणारा हळूच अंग काढून घेतो: ‘तो म्हणतोय बुवा, मी नाही.’ मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ओरडणं! आमच्या डेस्कवर एका पोराने पोलिसांच्या साध्या माहितीलाही ‘दावा केला’ लावलं होतं. सकाळी ठाण्यातून फोन आला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून.

अलेज बहुतेकदा वाईट कृत्यासाठी. बक्षीस मिळाल्याचा ‘आरोप’ कुणी करत नाही.

काळा कोट:
वरचं पटलं, पण कोर्टात ‘दावा’ जपून वापरा. दिवाणी कोर्टात दावा म्हणजे खुद्द खटलाच. ‘वादीने दावा केला की जमीन वडिलोपार्जित आहे’ असं वाचलं की पक्षकार विचारतो, ‘साहेब, आणखी एक दावा लावला काय?’ तिथे ‘वादीचे कथन असे की’ लिहा. कंटेंडला वकिलाचं ‘प्रतिपादन’, आर्ग्यूला ‘युक्तिवाद’. प्रतिवादीचं लेखी उत्तर असेल तर ‘कैफियतीत नमूद केले’.

अर्धविराम:
आणि मेंटेन्ड? उलटतपासणीत तीनदा खोदून विचारलं तरी साक्षीदार बांध जुनाच आहे म्हणतो.

काळा कोट:
मग ‘ठाम राहिला’. ‘हेका धरला’ नको, तो शेरा होतो. शेरा मारायचा तर न्यायाधीश मारतील.

अर्धविराम:
सोळा बदलले. सतरावा तलाठ्याचा आहे: त्याने सातबारा दाखवला आणि नोंद वाचली. मूळात नुसतं ‘सेड’ आहे. तिथला ‘म्हणाले’ मी ठेवणार, बाईंशी भांडून.