विमानतळावरचा फेस आणि आमचं बोअर

बोअरकर, चिकलठाणा: विमानतळावर आग विझवायच्या फेसात फ्लोरिनची रसायनं नकोत, असा विषय निघाला, तर काल इथं एकानं लिहिलं, "बिनफ्लोरिनचा फेस हे परदेशी खूळ. आधी माणसं वाचवा, पाण्याचं मग बघू." डोकं फिरलं वाचून. विमानाला आग वर्षानुवर्षं लागत नाही, पण सराव सारखा चालतो, अन् जुना फ्लोरिनवाला फेस जमिनीत मुरतो. त्यातली पीएफओएस, पीएफओए ही फ्लोरिनची रसायनं पाणी उकळून जात नाहीत. पीएफओएसवर २००९ साली स्टॉकहोम करारात (टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले, पीएफओएवर २०१९ ला. २०२३ ला आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, पीएफओए माणसाला कॅन्सर करणारं ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक नागरी विमानतळांनी २०१० मध्येच फेस बदलला. आपल्याकडं कोणता भरलाय, एवढं तरी जाहीर करा.

कालचाच मी: २६ एप्रिल १९९३ विसरलात? चिकलठाण्याच्या (छत्रपती संभाजीनगर) याच धावपट्टीवरून उडालेलं विमान कापसाच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. आमच्या गल्लीतल्या घरात तेव्हाचा आक्रोश मी ऐकलाय. जुना फेस इंधनावर पातळ पडदा धरतो. नवा धरत नाही, सगळी भिस्त बुडबुड्यांच्या थरावर. प्रयोग आमच्या जिवावर नको.

लातूरचा: फेसाचं काय घेऊन बसलात? २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालो. आधी जायकवाडीत वरच्या धरणांचं पाणी सोडा म्हणा.

गोदाकाठ: वरच्यांना बोल लावायच्या आधी उसाचं बोला. बोअर हजार फुटांवर कुणी नेले?

लातूरचा: ऊस लावला म्हणून माझ्या आईनं रात्री दोनला टँकरपुढं घागर धरायची? कापूस, सोयाबीनला भाव द्या, उद्या ऊस मोडतो. अन् राज्याचा २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा पाण्याचं समन्यायी वाटप सांगतो, तरी दर दुष्काळात कोर्टात का जावं लागतं?

गोदाकाठ: कायदा आहेच. पण आलेलं पाणी पाटातून कुठल्या पिकाला जातं, तेही बघा. माझी मोसंबी जळाली, शेजारचा ऊस हिरवागार होता.

निवृत्त फायरमन: तीस वर्षं नळी धरली, म्हणून बोलतो. सराव साध्या पाण्यावरही करता येतो. नवा फेस जुन्यात मिसळायचा नाही. टाकी, पाईप धुवावे लागतात, अन् ते धुवणही नाल्यात सोडायचं नाही. नव्या फेसाचा मारा शिकावा लागतो, पण आग विझते. आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) चाचणी पास झालेले बिनफ्लोरिन फेस मिळतात.

कालचाच मी: सराव पाण्यावर करा, एवढं मान्य. फेस बदलायचा तर आधी चाचणीचा कागद दाखवा अन् जवानांना शिकवा. त्याशिवाय टाकीला हात लावू नका.

बोअरकर, चिकलठाणा: कागद आम्हालाही पाहिजे. सोबत धावपट्टीलगतच्या बोअरचं पाणी तपासा. अन् जुना साठा कुठं जाळणार, ते लेखी द्या.