एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीच्या) रजिस्टरमधल्या डेटावर पेपर लिहायचाय, सुरुवातच जमेना

पेठरोडवाला:
नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर आहे, एमबीबीएस, पीजी केलेलं नाही त्यामुळे थिसिस वगैरे प्रकाराला कधी हात लावलेला नाही. आमच्या एएनसी रजिस्टरमध्ये तीन वर्षांच्या गरोदर बायकांच्या एचबीच्या (हिमोग्लोबिनच्या) नोंदी आहेत, सहाशेच्या वर भरतील, मी आणि डाटा एन्ट्रीच्या पोराने रात्री बसून सगळ्या एक्सेलमध्ये टाकल्या. लोहाच्या गोळ्या वाटतो, आशाताई घरोघरी जातात, तरी आठव्या महिन्यात एचबी बघितलं तर जिथल्या तिथेच, असं मला सारखं वाटतं. हे लिहून जर्नलला पाठवायचं डोक्यात आहे. पण दोन रविवार गेले, इंट्रोडक्शनच संपत नाहीये. ‘ॲनिमिया ही जागतिक समस्या आहे’ पासून सुरू केलं, चार पानं झाली आणि अजून पेठ तालुका आलाच नाही 😅 कुठून सुरू करायचं असतं? एथिक्सची (नैतिकता समितीची) परवानगी रजिस्टरच्या डेटाला पण लागते का? आणि इंग्रजी माझं बेताचंच आहे, ते वेगळं.

पीएसएमवाली:
डॉक्टर, ती चार पानं आधी बाजूला ठेवा, फेकू नका पण उघडू पण नका. इंट्रोडक्शन शेवटून दुसरं लिहायचं असतं आणि सारांश म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. वाचताना क्रम इंट्रो, मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन असा असतो, पण त्याच क्रमाने लिहायला बसलं की सगळे तुमच्यासारखेच अडकतात, माझ्या पीजी मुलांचं दरवर्षी हेच.

पहिलं काम म्हणजे तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा. ‘पेठमधला ॲनिमिया’ हा प्रश्न नाही, तो विषय झाला. ‘पहिल्या तपासणीत एचबी ११ च्या खाली असलेल्या बायकांपैकी आठव्या महिन्यापर्यंत किती जणींचं वर आलं’ हा प्रश्न. मग कोरे टेबल काढा, आकडे न भरता, फक्त रकाने, तीनच टेबल पुरतात. जे टेबल प्रश्नाला उत्तर देत नाही ते उडवा, कितीही मेहनतीने एन्ट्री केलेली असली तरी. त्यानंतर मेथड्स, कारण ते तुम्ही स्वतः केलंय, आठवून लिहायचं फक्त.

मेथड्समध्ये एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे कटऑफ कुठला धरला, म्हणजे किती एचबीच्या खाली ॲनिमिया म्हटलं. आपण सगळे गरोदरपणात सरसकट ११ धरायचो, पण डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी तो १०.५ केला, पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीला ११ च आहे. तुम्ही कुठला पण घ्या, पण स्पष्ट लिहा आणि बाई कितव्या महिन्यात आली ते दाखवा, कारण मधल्या महिन्यांत रक्त पातळ होतं त्यामुळे एचबी तसंही खाली दिसतं.

तुलना करताना पण जपून. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मधला ॲनिमियाचा ५७% चा आकडा सगळेजण डिस्कशनमध्ये चिकटवतात, तो १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचा आहे, गरोदर बायकांचा देशाचा आकडा ५२.२% आहे. गरोदर बायकांचा डेटा घेऊन ५७ शी तुलना केली की रिव्ह्यूअर (जर्नलसाठी लेख तपासणारा) तिथेच पेन्सिल उचलतो.

आता एथिक्स. हो, लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदींमधून नावं वगैरे काढलेली असतील तर कन्सेंटची (बायकांच्या संमतीची) सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटी देते, आपण आपली घ्यायची नसते. अभ्यास उरकल्यावर मागे जाऊन परवानगी मिळत नाही त्यामुळे ॲनालिसिस आत्ता थांबवा, छोटा प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहा. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाला सोबत घेतलंत तर त्यांच्या कमिटीकडे जाता येतं. डेटा सरकारी आहे त्यामुळे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र पण लागेल. आणि त्या एक्सेलमधून नाव, मोबाइल, आरसीएच नंबर (बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक) आजच्या आज काढा, व्हॉट्सॲपवर तर फाइल अजिबात फिरवू नका.

सुरगाण्याचा_एलटी:
साहेब लहान तोंडी मोठा घास, मी लॅब टेक्निशियन आहे पेपर वगैरे लिहीत नाही, पण रजिस्टरमधलं एचबी कशाने काढलंय ते बघितलं का? आमच्याकडे आधी साहलीवर (जुन्या काचेच्या नळीच्या पद्धतीने) काढायचो, एन बाय टेन ॲसिड टाकून दहा मिनिटं थांबायचं आणि मग रंग डोळ्याने जुळवायचा, शंभर बायकांची रांग असली की दहा मिनिटं कोण थांबतं खरं सांगा. नंतर डिजिटल मशीन आली. त्यामुळे एकाच बाईचं पहिलं एचबी साहलीचं आणि दुसरं मशीनचं असं झालेलं असू शकतं, मग फरक पडला तो गोळ्यांनी की मशीनने? आणि ज्या नोंदीत सगळ्यांचं १० किंवा ९.५ असे गोल आकडे दिसतील तिथे जरा शंका घ्या, राग मानू नका.

पीएसएमवाली:
एलटी भाऊंनी जे सांगितलं ते पुस्तकात वाचून येत नाही. डॉक्टर, हे मेथड्समध्ये आलंच पाहिजे आणि लिमिटेशनमध्ये पण.

त्याच धाग्यावर अजून एक, आणि माझ्या मते तुमच्या पेपरचा जीव इथे आहे. पेठ-सुरगाण्याच्या बायका पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात, छाटणीपासून खुड्यापर्यंत तिकडेच. म्हणजे तुमच्या रजिस्टरमध्ये आठव्या महिन्याचा रकाना ज्यांचा रिकामा आहे त्या बायका कोण? बहुतेक त्याच, आणि त्या घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त कष्टातल्या असणार. त्यांना वगळून फक्त दोन्ही एचबी असलेल्या बायकांवर टक्के काढले तर चित्र खोटं येईल. एक टेबल याचंच करा, दुसरं एचबी असलेल्या आणि नसलेल्या बायका वय, कितवं बाळंतपण, पहिलं एचबी यात सारख्या आहेत का. काही जणींची तपासणी निफाडच्या पीएचसीत झालेली असेल, ती माता-बाल संरक्षण कार्डावर सापडेल, आशाताईंना विचारा. पण कार्डं बघायला घरी जायचं तर ते पण प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा, तो रजिस्टरचा डेटा राहत नाही, तिथे कन्सेंट आलाच.

आणि ‘गोळ्यांमुळे एचबी वाढलं’ किंवा ‘गोळ्यांचा उपयोग नाही’ असं काही लिहू नका, रजिस्टरवरून ते ठरत नाही. गोळ्या दिल्या याची नोंद असते, गिळल्या याची नसते. स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी, आणि नेहमीच्या नोंदींवरच्या अभ्यासाला तिचीच पुढची रेकॉर्ड म्हणून आहे. दोन्ही फुकट मिळतात, समोर ठेवून मेथड्स लिहा.

गंगापूररोडकर:
मी पैसे घालवून शिकलोय म्हणून सांगतो. ‘एस्टीम्ड डॉक्टर, तुमचा बहुमूल्य लेख पाठवा’ अशी मेल आली, लेख पाठवला, चार दिवसांत ॲक्सेप्ट, एक पण कमेंट नाही, मला वाटलं काय भारी लिहिलंय आपण 🤦 मग फीची मेल. भरली. सहा महिन्यांनी वेबसाइटच गायब, आणि तोच लेख दुसरीकडे देता येईना कारण एकदा छापलेला. त्यामुळे जिथे चार दिवसांत होकार येतो तिथून पळा. आपल्याकडे इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन आणि इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ ही दोन्ही पीएसएमवाल्यांच्या संघटनांची आहेत, त्यांचे चार-पाच लेख आधी वाचा म्हणजे अंदाज येईल, आणि फी किती ते त्यांच्याच साइटवर बघा, मेलमधल्या लिंकवर नाही. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं हे पण लक्षात ठेवा, लग्नाचे बायोडाटे पाठवल्यासारखं दहा ठिकाणी नाही.

पेठरोडवाला:
बापरे, मी रकाना रिकामा दिसला की ती ओळच डिलीट करत होतो 🙈 मूळ फाइल आहे सुदैवाने. एक विचारायचं राहिलं, नावं कोणाची टाकायची? आमच्याकडे एक जण म्हणतात साहेबांचं पहिलं टाक म्हणजे काम लवकर होईल.

पीएसएमवाली:
परवानगी दिली म्हणून कोणी लेखक होत नाही. आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या समितीचे) चार निकष आहेत, कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं, चारही लागतात. साहेबांचे आभार शेवटी मानता येतात, त्यांना आधी विचारून. डाटा एन्ट्रीच्या पोराने नुसत्या नोंदी टाकल्या असतील तर त्याचं पण आभारात, पण टेबलं काढण्यात, लिहिण्यात तो बसणार असेल तर हक्काने लेखक करा. हे आत्ता कागदावर ठरवा, पेपर ॲक्सेप्ट झाल्यावर भांडणं होतात ती बघवत नाहीत.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. आधी मराठीत लिहा, छोटी वाक्यं करा, मग इंग्रजीत न्या. गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचं जे काम बंग डॉक्टरांनी केलं त्याचा पेपर १९९९ मध्ये लॅन्सेट जर्नलला आला, तो एकदा वाचा. ३९ गावांत काय केलं, कोणी केलं, कसं मोजलं हे इतकं सरळ लिहिलंय की भारी इंग्रजीची गरजच पडत नाही.

पेठरोडवाला:
आज प्रश्न लिहिला, ‘पेठ तालुक्यातल्या एका पीएचसीत नोंद झालेल्या ॲनिमिक गरोदर बायकांपैकी किती जणींची आठव्या महिन्यात पुन्हा एचबी तपासणी झाली, आणि कोणाची नाही झाली?’ मूळ प्रश्नच बदलला माझा. गोळ्यांचं नंतर बघू. सोमवारी जिल्हा परिषदेत पत्र घेऊन जातो. एलटी भाऊ, आमच्याकडे मशीन नक्की कधी आली ते कोणालाच आठवत नाहीये, सिस्टर म्हणतात दोन वर्षं, शिपाई म्हणतो तीन.

सुरगाण्याचा_एलटी:
साहेब स्टोअरचं स्टॉक रजिस्टर काढा, फार्मासिस्टकडे असतं. मशीनची एन्ट्री तारखेसकट मिळेल, आणि स्ट्रिप्स कधी संपल्या होत्या ते पण त्यातच दिसेल, त्या महिन्यांत परत साहलीवर काढलेलं असणार.