मदत हवी आहे: नेमप्लेट नसलेला जुना लेथ, हरिहरचा आहे का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला उद्यमनगरात मामांच्या शेडमध्ये पडून असलेला लेथ भंगारवाल्याच्या हातून सोडवून आणलाय. नेमप्लेटच्या जागी फक्त रिव्हेटची चार भोकं. मामा त्याला ‘हरिहरचा किर्लोस्कर’ म्हणायचे, पण बटाला-राजकोटचे लेथही आपल्याकडे भरपूर आलेत, त्यामुळे खात्री नाही. हरिहरची (कर्नाटक) म्हैसूर किर्लोस्कर ही १९४१ची कंपनी, ती तर कधीच बंद पडली. विचारणार कोणाला?

हेडस्टॉक (स्पिंडल फिरवणारा डावीकडचा भाग) ऑल गिअर्ड, स्पिंडल नोज (चक बसतो ते टोक) आट्याचं, लीड स्क्रू (आटे काढताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआय, म्हणजे इंचाला ४ आटे. चेंज गिअर्समध्ये (आट्यांचं माप बदलायला लावायचे सुटे गिअर) १२७ दातांचा आहे, ४५चा गायब. चकजवळ (काम पकडणारा भाग) बेडवरून (मशीनचा लांब पाया) नख फिरवलं की पायरी लागते. हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा दोन भागांचा नट) तर पार गेलाय. आटे काढताना कॅरेज (बेडवरून सरकणारा, हत्यार धरणारा भाग) उसळी मारतं.

ओळख कशी पटवू? ४५चा गिअर कुठल्या मापाचा मागू? आणि बेड ग्राइंडिंगला द्यावा का?

प्रतिसाद:
आधी बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाचा रंग काढा. पेंट रिमूव्हर वापरा, ग्राइंडर अजिबात लावू नका, ठोकलेला नंबर असेल तर तोही जाईल. कास्टिंगवरची उठावाची अक्षरंही लांबीखाली (पुट्टीखाली) दडलेली असतात.

४ टीपीआय आणि १२७चा गिअर म्हणजे मशीन इंची. १२७ मेट्रिक आट्यांसाठी. पण म्हणून गिअर डीपीचेच (दातांचं इंची माप; मेट्रिक माप म्हणजे मॉड्यूल) असतील असं धरू नका. ४० दातांचा असेल तर बाहेरून व्हर्निअर लावा. ८४ मिमी आला तर २ मॉड्यूल, ८८.९ आला तर १२ डीपी.

ग्राइंडिंगची घाई नको. बेड उतरला की सॅडल-एप्रन (कॅरेजचा बेडवर बसणारा आणि पुढे लटकणारा भाग) खाली बसतं आणि लीड स्क्रूची लाइन बिघडते; मग सॅडलखाली टर्साइट (घसरत्या भागाला चिकटवायची प्लास्टिकसारखी पट्टी) लावून ते पुन्हा उचलावं लागतं. आधी टेलस्टॉकवर डायल बसवून, त्याची सुई कॅरेजच्या वेवर (बेडवरची सरकपट्टी) ठेवून झीज मोजा. टेलस्टॉकच्या वे सहसा कमी झिजतात. हाफ नट गनमेटलचा नवा करून घ्या, त्यात कंजुषी नको.

धागाकर्ता:
आभार! ४०चा गिअर ८८.८ भरला, म्हणजे १२ डीपी. रंगाखाली आकडे निघालेत, पहिले दोन पुसट आहेत. फोटो टाकतो. कोणाकडे ४५ दातांचा पडलेला असेल, किंवा कोल्हापूर-सांगलीत एकच नग हॉबिंग (मशीनवर गिअरचे दात कापणं) करून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा. प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) साडेचौदा अंश की वीस, हे कसं तपासायचं तेही सांगा.