एक कॅमेरा, तीन कॅमेरे आणि प्रसंगाची लय

प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत मी 'मॅश' ही अमेरिकन मालिका (१९७२ ते १९८३) प्रथमच सलग पाहिली. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयाची ही कथा विनोदी असल्यामुळे बहुतेक प्रसंगांमागे हशा ऐकू येतो. मात्र शस्त्रक्रियेचे दृश्य सुरू झाले की तो पूर्णपणे थांबतो. त्याच वेळी हेही जाणवले, की ही मालिका दिसायला चित्रपटासारखी आहे, तर 'फ्रेंड्स' नाटकासारखी दिसते, आणि तिच्यातील सोफा सदैव आपल्याकडे तोंड करून असतो. दोन्ही मालिका विनोदी आहेत आणि दोन्हींचे भाग अर्ध्या तासाचे आहेत. मग हा फरक केवळ खर्चाचा आहे, की कथा सांगण्याच्या पद्धतीचा?

प्रतिसाद १

खर्चाचा भाग आहेच, पण मुळाशी जायचे तर १९५१ सालापासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला सीबीएस वाहिनीवर 'आय लव्ह लूसी' सुरू झाली. त्या काळी पुष्कळ कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या शहरांना किनेस्कोप प्रत, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून घेतलेली धूसर फिल्म, पाहावी लागे. मालिकेतील मुख्य कलाकार ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचे नव्हते. म्हणून प्रेक्षकांसमोर नाटकासारखा प्रयोग करायचा आणि तो एकाच वेळी ३५ मिमीच्या तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करायचा, असे ठरले.

छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी पूर्वी जर्मनीत 'मेट्रोपोलिस' या चित्रपटासाठी काम केले होते. त्यांच्यापुढची अडचण अशी, की चेहऱ्याच्या क्लोजअपसाठी लावलेला दिवा पूर्ण खोली दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतो किंवा तिथे नको ती सावली पाडतो, आणि कॅमेरे तर तिन्ही एकदमच चालू असतात. त्यांनी बहुतेक दिवे वर टांगून सगळीकडे सारखा प्रकाश पसरवला. 'फ्रेंड्स'मधील तो उजळ, सावली नसलेला दिवाणखाना याच परंपरेतला आहे. कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूलाच उभे राहत असल्यामुळे चौथी भिंत नसते, आणि सोफ्याला दुसरीकडे तोंड करण्याची सोयच उरत नाही.

'मॅश'चे चित्रीकरण प्रेक्षकांविना, सिंगल कॅमेरा पद्धतीने, म्हणजे एकेक शॉट वेगवेगळा घेत झाले. तिच्यातला हशा वाहिनीच्या आग्रहावरून नंतर जोडलेला आहे. निर्मात्यांचा त्याला विरोध होता, आणि शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नसावा एवढी तडजोड त्यांनी मिळवली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविना दाखवली होती. शक्य असेल तर एखादा भाग दोन्ही प्रकारे पाहावा. तीच वाक्ये वेगळ्याच वजनाने ऐकू येतात.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे संकलनाचे काम करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. माझ्या मते खरा भेद कॅमेऱ्यांच्या संख्येत नसून प्रसंगाचा काळ कोण ठरवतो यात आहे.

तीन-चार कॅमेरे एकदम चालतात तेव्हा माझ्या हाती एकाच क्षणाची तीन-चार चित्रे येतात. कोणाचा चेहरा दाखवायचा हे मी ठरवू शकतो, पण दोन वाक्यांमधील अंतर नटांनी आणि समोरच्या प्रेक्षकांनी आधीच ठरवलेले असते. आपल्या रंगभूमीवर मुरलेला नट हशा ओसरू लागेपर्यंत थांबतो आणि मग नेमक्या वेळी पुढचे वाक्य टाकतो. ही लय खरी असते आणि तिच्यात कात्री घातली की ती लगेच बिघडते. याउलट, सिंगल कॅमेऱ्यात तोच प्रसंग आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळी पात्रे एकत्र दिसतील अशा चौकटीत पूर्ण, मग एकेका पात्राच्या क्लोजअपमध्ये पुन्हापुन्हा केला जातो. त्या तुकड्यांमधून काळ नव्याने बांधावा लागतो. नोकरी गेल्याचे मुलगा वडिलांना सांगतो आहे, असे समजा. वाक्य संपण्याआधीच वडिलांच्या चेहऱ्यावर कट केला, तर त्यांना हे आधीच ठाऊक होते असे वाटते. वाक्य संपल्यावर आणखी वीस फ्रेम, म्हणजे सेकंदाहून थोडा कमी काळ, मुलावरच थांबलो, तर तो उत्तराला घाबरतो आहे असे वाटते. संवाद आणि अभिनय तोच असूनही गोष्ट बदलते.

'हॅपी डेज' या मालिकेची पहिली दोन पर्वे सिंगल कॅमेऱ्याने चित्रित झाली होती आणि तिसऱ्या पर्वापासून, १९७५ मध्ये, ती प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी होऊ लागली. आधीच्या पर्वांत जुन्या काळाची शांत आठवण जाणवते. नंतर फॉन्झी आत येताच प्रेक्षक जल्लोष करतात, इतर पात्रे त्यासाठी थांबतात, आणि ते पात्र मालिकेच्या केंद्राकडे सरकत जाते. हे बदल एकट्या कॅमेऱ्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही, परंतु कॅमेऱ्याने त्यांना जागा करून दिली, हे निश्चित.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. 'सिंगल कॅमेरा' हे पद्धतीचे नाव आहे, कॅमेऱ्यांची मोजणी नव्हे. २००५ साली सुरू झालेल्या अमेरिकन 'द ऑफिस'मध्ये अनेकदा दोन कॅमेरे चालत, तरी तिची गणना याच पद्धतीत होते. तिथे माहितीपटाचे पथक कचेरीत वावरत असल्याची कल्पना आहे, म्हणून पात्र सरळ कॅमेऱ्याकडे पाहू शकते. हशा नाही आणि प्रेक्षकही नाहीत, पण साहेब काही विचित्र बोलले की कचेरीतला जिम आपल्याकडे पाहतो, आणि जे काम सभागृहातील हशा करत असे ते ती एक नजर करते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग आपल्या दैनंदिन मराठी मालिकांमध्ये एकाच धक्क्यावर घरातील प्रत्येकाचा चेहरा पाळीपाळीने दाखवतात, त्याचाही असाच काही खुलासा करता येईल का?

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

येईल. तिथे अनेकदा एकापेक्षा अधिक कॅमेरे असतात, पण समोर प्रेक्षक नसतात, आणि रोजचा भाग वेळेत पूर्ण करायचा असतो. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा क्लोजअप त्याच दिव्यांत चटकन घेता येतो आणि त्यातून भागाची लांबीही भरते. ही सोय मी स्वतः अनेकदा वापरली आहे. मात्र तिच्यात दुसरेही एक काम दडलेले आहे, असे मला वाटते: सभागृहात ज्या क्षणी शेकडो माणसांचा श्वास रोखला गेला असता, तिथे सासू, जाऊ आणि दीर यांचे चेहरे दाखवून तो रोखलेला श्वास पडद्यावर आणला जातो. चेहरे दोन असतात तोवर हे साधते. सहाव्या चेहऱ्यापर्यंत मूळ धक्का बसलेले माणूस आपल्या नजरेआड गेलेले असते, आणि संकलनात मी पहिली कात्री तिथे लावतो.