मदत हवी आहे: औंध संस्थानचा स्टँप पेपर १९१४चा की १९४०चा?

मंडळी,

आजोळच्या ट्रंकेत कुंडलच्या एका जमिनीचं खरेदीखत सापडलं. मजकूर मोडीत, कागद औंध संस्थानचा आठ आण्यांचा स्टँप पेपर. माथ्यावर छापील मुद्रा आहे, पण कचेरीचा जांभळा शिक्का नेमका तिच्यावरच मारलाय. 'औंध' आणि किंमत सोडली तर काही लागत नाही. खताचं साल ठरवायला मदत हवी आहे.

आतापर्यंत जुळवलं ते असं. शके '१८'च्या पुढचे दोन आकडे कसरीने खाल्लेत. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे शके १८६९च्या पुढे जायला नको. सुरुवातीची हद्द चतुःसीमेत (जमिनीच्या चार बाजूंच्या वर्णनात) मिळाली: 'उत्तरेस किर्लोस्करवाडीची गाडीवाट'. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला तो १९१०मध्ये, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिल्यावर. त्याआधी त्या वाटेला हे नाव कोण देईल?

संवत्सराचं नाव 'प्रमा…' इतकं स्वच्छ वाचता येतं, पुढचं अक्षर घडीवर फाटलंय. या काळात अशी दोनच संवत्सरं बसतात: प्रमादी (शके १८३५) आणि प्रमाथी (शके १८६१). महिना माघ. म्हणजे १९१४ किंवा १९४०. तिथी-वार शाबूत असते तर जुनं पंचांग काढून तिथेच निकाल लावला असता.

गादीवर दोन्ही वेळी बाळासाहेबच, त्यामुळे राजाच्या नावाचा उपयोग नाही. मात्र मधल्या काळात संस्थान पार बदललं. गांधीजींचा सल्ला आणि पोलिश इंजिनियर मॉरिस फ्रीडमन, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची खटपट यांतून १९३९मध्ये स्वराज्याची घटना आली आणि गावांचा कारभार पंचायतींकडे गेला. खतात एका साक्षीदाराच्या नावापुढे 'पंच' लिहिलंय. पंच जुन्या गावगाड्यातही होतेच, म्हणून नुसत्या तेवढ्यावर १९४० म्हणायला मी धजत नाही.

संस्थानी रेव्हेन्यू (महसुली तिकिटं, स्टँप पेपर) जमवणाऱ्यांना विनंती: औंधचं टपाल इंग्रजांचंच, स्वतःची टपाल तिकिटं नाहीत, त्यामुळे तिकीटवाले या संस्थानाकडे फिरकत नाहीत. पण कुणाकडे साल लिहिलेला औंधचा स्टँप पेपर असेल तर मुद्रेच्या चौकटीचा आणि अक्षरवळणाचा फोटो टाकाल का? उजेडासमोर धरून वॉटरमार्क दिसतो का, तेही सांगा.

दुसरं, दप्तराचं. औंध आज साताऱ्यात, कुंडल-आटपाडी सांगलीत, गुणदाळ तर कर्नाटकात. अशा तुकड्या-तुकड्यांच्या संस्थानचे नोंदलेले दस्त विलीनीकरणानंतर कुठल्या कचेरीत गेले? कोल्हापूर किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात ते कुणी स्वतः पाहिलेत का? ऐकीव नको, रुमाल (कागदांची बासनं) हाताळलेल्यांनीच सांगावं.

खत विकायचं नाही. एका व्यापाऱ्याने 'वरची मुद्रा तेवढी कापून द्या, बाकी कागद तुम्हाला ठेवा' असं सुचवलं. असं मुंडकं छाटलेलं खत ना घराच्या कामाचं ना अभ्यासाच्या, तेव्हा कृपया किंमत विचारू नका. शिक्क्याची शाई कमी करायचे घरगुती उपायही नकोत.

फोटो पहिल्या प्रतिसादात डकवतोय, पक्षकारांची नावं झाकून. संवत्सराच्या ओळीचा तिरक्या उजेडातला क्लोजअप वेगळा आहे. मोडी वाचणाऱ्यांनी आधी तो बघावा. फाटलेल्या कडेला 'दी'चा किंवा 'थी'चा एखादा फराटा उरलाय का, एवढंच हवंय.